डेंग्यूनंतर गळलेल्या केसांवर विकलेलं ट्रान्सप्लांट

सप्टेंबरात डेंग्यू झाला, डिसेंबरात उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले आणि जानेवारीत नागपूरच्या एका २३ वर्षांच्या मुलाने ‘३५०० ग्राफ्ट, ९० हजार, बिनव्याजी हप्ते’ असं हेअर ट्रान्सप्लांटचं पॅकेज घेतलं (ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढून दुसरीकडे लावलेला केसांचा छोटा पुंजका). आता दोन वर्षांनी त्याच्या कपाळालगत केसांची एक दाट पट्टी आहे आणि तिच्यामागे उघडी टाळू. लग्नसराईच्या तोंडावर अशी पॅकेजं भराभर खपतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

डेंग्यू, टायफॉइड किंवा मोठं ऑपरेशन झालं की दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरचे केस एकदम गळू लागतात. मुळं मात्र जिवंत असतात आणि बहुतेकांचे केस सहा-आठ महिन्यांत आपोआप भरून येतात. क्लिनिकमध्ये त्या मुलाला तापाबद्दल कोणी विचारलंच नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड यातली एकही तपासणी झाली नाही. डोक्याला कॅमेरा लावून मोठ्या स्क्रीनवर विरळ टाळू दाखवली आणि टक्कल ‘ग्रेड ३’चं आहे असं सांगून मोकळे झाले. कपाळाच्या कोपऱ्यांतले केस थोडे मागे सरकले होते, हे खरं. पण ग्रेड ठरवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती, काउन्सेलर होती, आणि ‘आजच बुक केलं तर’ हे वाक्य तिचंच.

खरं नुकसान पैशांपेक्षा मोठं आहे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस काढूनच पुढे लावतात, हीच काय ती पुंजी. तिथून आयुष्यभरात साधारण चार ते सहा हजार ग्राफ्ट निघतात आणि जिथून काढले तिथे पुन्हा उगवत नाहीत. टक्कल कुठवर जाणार हे तेविसाव्या वर्षी कोणालाच ठामपणे सांगता येत नाही. वडील, काका, मामा यांची डोकी बघून फार तर अंदाज बांधता येतो. त्याच्या पुंजीचा मोठा भाग पहिल्याच फटक्यात खर्ची पडला.

म्हणून पंचविशीच्या आत शक्यतो थांबावं. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग ओपीडीत ते स्वस्तात होतं आणि तिथे कोणाला पॅकेज विकायचं नसतं. मग डॉक्टरांनी लिहून दिलं तर ५ टक्के मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं औषध) आणि १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड (गोळी), निदान वर्षभर. फिनास्टेराइडने काहींची लैंगिक इच्छा कमी होते, मन उदास राहतं. हे सुरुवातीलाच बोलून घ्या. मिनॉक्सिडिलने पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढू शकते. याच टप्प्यावर माणूस घाबरून औषध सोडतो आणि क्लिनिकची पायरी चढतो. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच कोनातून फोटो काढा. वर्षभर टक्कल पुढे सरकलं नाही, तर ट्रान्सप्लांटचा विचार करायला हरकत नाही. नंतरही औषध चालूच ठेवावं लागतं, कारण लावलेले केस टिकतात पण त्यांच्या आसपासचे मूळचे केस गळतच राहतात. त्याला हे सांगितलं नव्हतं. पट्टीमागची टाळू उघडी पडली ती त्यामुळेच.

रेघ आखतानाही फसवलं. पुढची रेषा दोन भुवयांच्या मधून साधारण चार बोटं वर असते, कोपऱ्यांत किंचित मागे वळते. त्याला मार्करने तीन बोटांवर, फूटपट्टीने ओढावी तशी सरळ रेघ आखली. चाळिशीत ती विचित्र दिसेल.

आणि आकडा. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन. ३५०० केस मोजून ‘३५०० ग्राफ्ट’ म्हणायचं, म्हणजे पैसे दुप्पट. पडताळा सोपा आहे: दुसऱ्या दिवशी प्रत्येक ग्राफ्टपाशी खपलीचा ठिपका दिसतो. एक चौरस सेंटिमीटरचा कागदी चौकोन ठेवून फोटो काढा, ठिपके मोजा, क्षेत्रफळाने गुणा. उदाहरणार्थ, साठ चौरस सेंटिमीटरमध्ये चाळीसच्या हिशोबाने २४०० होतात. त्याच्या फोटोत चौकोनात जेमतेम अठ्ठावीस ठिपके होते, म्हणजे तेवढ्याच जागेत १६८० ग्राफ्ट.

ऑपरेशन कोण करणार हे लेखी घ्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे काम प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरचं आहे, टेक्निशियनने फक्त मदत करायची. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. इथे डॉक्टर भूल देऊन निघून गेले होते.

तारीखही स्वतः ठरवा. मे अखेरच्या कडक उन्हाच्या नवतप्यात, घाम आणि हेल्मेटच्या दिवसांत, ताजे ग्राफ्ट सांभाळणं कठीण. पहिले दहा दिवस हेल्मेट घालायचंच नाही, म्हणजे दुचाकीही नाही. लावलेले केस महिन्याभरात गळतात, त्याला घाबरू नका. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उगवतात, निकाल वर्षाने कळतो. क्लिनिक ‘वर्षभर थांबा’ म्हणतं ते चूक नाही, पण ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि थांबण्यात ती सरत जाते. त्या मुलाकडे पक्कं बिल नव्हतं, संमतीपत्राची प्रत नव्हती; होती ती फक्त हप्त्यांची बँक नोंद आणि तो चौकोनाचा फोटो. तेवढ्यावरच त्याने तक्रार टाकली आहे.