चार्लीज आंट: न्यूयॉर्कचा फार्स भारी की म्युझिकल?

ब्रँडन थॉमसचं हे १८९२चं नाटक लंडनमध्ये १४६६ प्रयोग चाललं आणि १८९३ला न्यूयॉर्कला गेलं, तिथे मावशीचं सोंग घेणारा बॅब्स झाला नट एटिएन जिरार्दो. यात खरी गंमत या बॅब्सचीच, बिचाऱ्याला चार्ली आणि त्याचा मित्र चार्लीची मावशी म्हणून जबरदस्ती झगा घालायला लावतात. १९४८ला ब्रॉडवेवर याचंच म्युझिकल आलं, 'व्हेअर्स चार्ली?', फ्रँक लोसरची गाणी, ७९२ प्रयोग, पण त्यात चार्ली म्हणजे रे बोल्जर स्वतःच मावशी होतो, म्हणजे घडीत सूट घडीत झगा, पळापळ डबल! 'वन्स इन लव्ह विथ एमी' या गाण्याला तर बोल्जर पब्लिकलाच गायला लावायचा. तरी माझं मत जुन्यालाच, कारण अडकलेला माणूस जास्त हसवतो. आपल्या अत्रेंनीही 'मोरूची मावशी' यावरूनच केलं ना, आणि त्यात विजय चव्हाणांचं ते पदर सावरणं, अहाहा!