‘द बेअर’ कार्मीसाठी नाही, टीना आणि रिचीसाठी बघा

पहिले चार सीझन बघून झालेत आणि आता या मालिकेबद्दल लिहायचंच आहे, कारण फॅन मंडळींची जी भांडणं चालू असतात ना, त्यातली निम्मी भलत्याच गोष्टीवरून चालू आहेत असं माझं ठाम मत झालंय. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, शिकागोमधलं एक कळकट सँडविचचं दुकान, मालक मायकीने आत्महत्या केलेली, आणि त्याचा धाकटा भाऊ कार्मी, जो मोठमोठ्या नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये काम करून आलाय, तो हे कर्जात बुडालेलं दुकान चालवायला घरी येतो आणि पुढे त्याचंच एक उंची रेस्टॉरंट करतो. पहिला सीझन जून २०२२ ला आला, चौथा जून २०२५ ला, आपल्याकडे जिओहॉटस्टारवर आहे. थोडे स्पॉयलर येतील पुढे, सांभाळून वाचा.

दुकान खोटं वाटत नाही त्याला कारण आहे, बाहेरून जे दिसतं ते शिकागोत ऑर्लिन्स स्ट्रीटवरचं ‘मिस्टर बीफ’ नावाचं खरंखुरं जुनं दुकान आहे. तिथला पदार्थ म्हणजे इटालियन बीफ, पातळ कापलेलं मांस त्याच्याच रश्श्यात भिजवायचं, लांबट पावात भरायचं, वर तिखट मिरच्यांचं आणि भाज्यांचं लोणचं, आणि हवं असेल तर अख्खा पावच रश्श्यात बुडवून घ्यायचा. पहिल्या सीझननंतर शिकागोत या सँडविचला जोरदार मागणी आली, ते अगदी समजण्यासारखं आहे, कारण कॅमेरा त्या वाफाळत्या ट्रेच्या इतका जवळ नेलाय की बघतानाच भूक लागते.

आता रिअ‍ॅक्शनबद्दल. माझ्या मते सगळ्यात मोलाची दाद किचनमध्ये घाम गाळलेल्या लोकांची आहे. माझा मावसभाऊ हॉटेल लाइनमध्ये आहे, ‘कॉमी’ म्हणजे अगदी खालच्या शिकाऊ कुकपासून सुरुवात करून आता सीडीपी, म्हणजे एका विभागाचा मुख्य शेफ झालाय, त्याला मी पहिल्या सीझनचा सातवा भाग लावून दिला. तो भाग जेमतेम वीस मिनिटांचा आणि त्यातली साधारण अठरा मिनिटं एकाच शॉटमध्ये, मध्ये कट नाहीच. ऑनलाइन प्रीऑर्डरचं बटण चालू राहिलेलं असतं आणि दुकान उघडायच्या आधीच तो छोटा प्रिंटर ऑर्डरी ओकायला लागतो, थांबतच नाही, कागदाची पट्टी खाली लोंबायला लागते. दादाने तिथेच पॉज केलं, उठून पाणी प्यायला आणि म्हणाला, “अगं हा आवाज मला झोपेतपण येतो, शनिवारी रात्री केओटी, म्हणजे ऑर्डरीच्या चिठ्ठ्या, असेच येतात.” मग पूर्ण बघितला आणि वर मला समजावून सांगितलं की मागून जाताना ‘बिहाइंड’ ओरडणं, वळणावर ‘कॉर्नर’ ओरडणं यात स्टाइल वगैरे काही नसते, हातात उकळतं पातेलं असतं म्हणून ओरडावं लागतं. जगभरातल्या शेफ लोकांनी पण हेच बोलून दाखवलं, की बघताना छातीत धडधडतं, काहींना तर पुढे बघवलंच नाही. पडद्यामागे कार्मीची भूमिका करणाऱ्या जेरेमी अ‍ॅलन व्हाइटने खरोखर किचनमध्ये ट्रेनिंग घेतलं, निर्माता क्रिस्टोफर स्टोररची बहीण कोर्टनी स्वतः शेफ आहे आणि जेवणाची सगळी बाजू तिच्याकडे, आणि गंमत म्हणजे सेटवरचा खरा नावाजलेला शेफ मॅटी मॅथिसन याला दिलाय रिपेअरिंगवाल्या फॅकचा रोल, ज्याला स्वयंपाकातलं काही येत नाही.

आता भांडणं. पहिलं भांडण, ही कॉमेडी आहे का. एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांमध्ये ती विनोदी मालिकांच्या गटात जाते, पहिल्या सीझनला १० एमी मिळाले आणि दुसऱ्याला ११, एका वर्षात विनोदी मालिकेसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. लोक चिडले, आणि दुसऱ्या सीझनमधला ख्रिसमसचा भाग बघून कोणीही चिडेल, तासाभराहून लांब जेवणाची रात्र, आईच्या भूमिकेत जेमी ली कर्टिस, ती एकटी सगळ्यांसाठी सात प्रकारचे मासे रांधतेय आणि कोणी मदत करत नाही म्हणून आणि कोणी मदतीला आलं तरी पण आतून तुटत चाललीय, हे बघून हसू येणारा माणूस मला भेटायचाय. तरी या भांडणात मला रस नाही, बक्षीस कुठल्या कपाटात ठेवायचं एवढाच तो प्रश्न.

दुसरं भांडण कार्मी आणि त्याच्या किचनमधली शेफ सिडनी. टेबलाखाली दोघं स्क्रू पिळत पडलेत आणि मनातलं बोलतायत, तो सीन दुसऱ्या सीझनमध्ये आला आणि फॅन लोकांचे दोन तट पडले, एकांना हे दोघं जोडीने हवेत, दुसऱ्यांना अजिबात नको. कलाकार सांगून सांगून थकले की असलं काही नाहीये. मी दुसऱ्या तटात. सिडनी (आयो एडेबिरी, काय काम केलंय) त्याच्याकडे शिकायला आली, मग त्याच्या तोडीची झाली, काही बाबतीत पुढे गेली. कामातून उभी राहणारी इतकी बरोबरीची नाती पडद्यावर आधीच कमी दिसतात, त्यात हेही प्रेमप्रकरण करून टाकायचं म्हणजे वाईट वाटतं.

तिसरं भांडण मात्र खरं आहे, तिसरा सीझन. इथे फॅन मंडळींचा राग मला पूर्ण पटतो. पहिला भाग जवळपास संवादाविना, नुसत्या आठवणींचे तुकडे, तो एक वेळ सुंदर म्हणू, पण पुढेही तेच, कार्मी शून्यात बघतोय, रोज मेन्यू बदलतोय, जुन्या जखमा परत परत दाखवतायत, मध्येच फॅक भावंडांचे विनोद ताणलेत, आणि शेवटी नव्या रेस्टॉरंटच्या ज्या परीक्षणाची दहा भाग वाट बघितली ते येतं तेव्हा ‘क्रमशः’ची पाटी लावून मोकळे. वर्षभर थांबलेल्या लोकांना हे देणं बरोबर नाही.

पण याच सीझनमध्ये सहावा भाग आहे, आयो एडेबिरीनेच दिग्दर्शित केलेला, आणि माझा सगळा मुद्दा तिथे आहे. टीना म्हणजे दुकानातली जुनी कुक, आणि हा भाग मायकी जिवंत होता तेव्हाचा, ती दुकानात यायच्या आधीचा. वय शेहेचाळीस, पंधरा वर्षांची नोकरी एका दिवसात जाते. ती बायोडेटाचे कागद घेऊन शहरभर फिरते, प्रत्येक ऑफिसात तरणी पोरं बसलेली, ऑनलाइन अप्लाय करा म्हणतात. दमून ती कॉफीसाठी बीफच्या दुकानात शिरते, तिथे तिला सँडविच फुकट मिळतं, ती एका टेबलाशी बसून पहिला घास खाते आणि रडू कोसळतं. मग मायकी समोर येऊन बसतो आणि दोघं बोलत राहतात, बराच वेळ, काही घाई नाही. एरवी सतत आरडाओरडा करणारी ही मालिका इथे दोन थकलेल्या माणसांना नीट बसू देते. तिच्या नवऱ्याचं काम करणारा नट टीना झालेल्या लायझा कोलोन-झायासचा खऱ्या आयुष्यातला नवरा आहे, त्यांच्या घरातले सीन बघताना ते जाणवतं. आणि आता परत पहिला सीझन आठवा, हीच टीना सिडनीला छळायची, इंग्रजी समजत नसल्याचं सोंग आणायची. का, ते इथे कळतं, आयुष्यात मुश्किलीने मिळालेली जागा कोणी नवी पोरगी येऊन हिसकावेल ही भीती होती ती.

रिचीचं तेच. दुसऱ्या सीझनचा सातवा भाग बहुतेक फॅन लोकांचा लाडका आहे आणि तो लाड रास्त आहे. मायकीचा जिवलग मित्र, दुकानातलाच जुना माणूस, तोंडाळ, कशातच मन नसलेला रिची, त्याला एका अतिशय उच्च रेस्टॉरंटमध्ये आठवडाभर पाठवतात आणि काम काय तर काटेचमचे पुसणं. तो वैतागतो. मग हळूहळू बघायला लागतो, टेबलवरचं एक कुटुंब बोलत असतं की शिकागोचा जाड पिझ्झा खायचा राहूनच गेला, स्टाफ ते ऐकतो, रिची पळत जाऊन तो पिझ्झा आणतो आणि शेफ त्याचे छोटे गोल तुकडे कापून सजवून टेबलवर पाठवतो. त्या लोकांचे चेहरे बघून रिचीचं जे होतं ते बघाच. त्यानंतर तो सूट घालून येतो तो कायमचा.

म्हणून म्हणते, ही मालिका जेव्हा कार्मीच्या डोक्यात अडकते तेव्हा रुतते, आणि जेव्हा कोणीतरी एक काम हाताने शिकताना दाखवते तेव्हा तिच्या जवळपास दुसरं काही नाही. सिडनीचं ऑम्लेट घ्या, कार्मीची गरोदर बहीण नॅटली हिला भूक लागलीय म्हणून केलेलं, अंडी गाळून घेते, आत चीज, वर लोणी आणि चुरलेले वेफर्स. त्या एका सीनने लोकांना स्वयंपाकघरात पाठवलं. मी साधं क्रीम चीज आणि हिरव्या पाकिटातले क्रीम अनियनवाले वेफर्स घालून केलं, अंडी मात्र गाळूनच घ्या, त्यानेच पोत मऊसूत येतो, आणि गॅस मंद.

चौथा सीझन सावरलाय. भिंतीवर १४४० तासांचं घड्याळ लावलंय, पैसे संपायला तेवढाच वेळ, त्यामुळे गोष्ट हलते. लग्नाचा लांबलचक भाग छान, शेवटचा भाग जवळजवळ सगळा मागच्या दाराशी तीन माणसांचं बोलणं, काहींना रटाळ वाटला, मला खूप आवडला. पण सगळ्यात जास्त हात आवळून मी बघत होते ते टीनाला, तिला पास्त्याची एक डिश तीन मिनिटांच्या आत पासवर, म्हणजे तयार ताटं ठेवायच्या कट्ट्यावर, न्यायचीय आणि दरवेळी थोडक्यात चुकतंय. त्या काही सेकंदांसाठी मी जेवढी जीव मुठीत धरून बसले तेवढी कार्मीच्या कुठल्याही निर्णयासाठी बसले नाही.

नव्याने बघणार असाल तर पहिल्या दोन भागांतल्या गोंगाटाने बंद करू नका, सबटायटल लावा, शिव्या भरपूर आहेत तेव्हा लहान मुलं झोपल्यावरच. तिसऱ्या सीझनमधले टीनाचा भाग आणि नॅटलीच्या बाळंतपणाचा आठवा भाग चुकवू नका, बाकीचे कंटाळा आला तर पळवत बघितले तरी चालतील. पाचपैकी चार, आणि फक्त टीना-रिचीचे भाग मोजायचे तर पाच.