मांडवी एक्स्प्रेस, पेडणे ते कुडाळ (बोगद्यासकट)

माझं माहेर कुडाळला, सासर गोव्यातल्या पेडण्यात. आता महामार्ग रुंद झालाय, बसने जाता येतं, तरी मी सकाळची मांडवीच धरते. खिडकी मिळाली आणि पॅन्ट्रीतलं गरम कटलेट हातात आलं की सावंतवाडी कधी येते कळत नाही. खाण्याच्या बाबतीत या गाडीचं नाव आहे, ते खोटं नाही. भजीही चांगली असतात.

पण मला सांगायचंय ते बोगद्याबद्दल. पेडणे सुटलं की थोड्याच वेळात मालप्याचा बोगदा लागतो. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा 6.5 किलोमीटरचा, पण बांधणाऱ्यांना रडवलं ते आमच्या या धाकट्याने. इथे कातळ नाही, पाणी प्यायलेली चिकणमाती आहे. खणावं आणि वरून माती खाली यावी, असं पुन्हा पुन्हा झालं. यंत्रांचा उपयोग होईना, तेव्हा माणसांनी हातांनी, वीतवीत पुढे सरकत काम केलं. कोकण रेल्वेवर असे मऊ मातीचे नऊ बोगदे आहेत, आणि त्यांत 19 जणांचे जीव गेले. 26 जानेवारी 1998 ला रोह्यापासून मंगळूरपर्यंत सगळा मार्ग सुरू झाला. तो इतका लांबला त्याला पेडण्याची माती मोठं कारण.

ती माती अजून शांत बसलेली नाही. ऑगस्ट 2020 मध्ये आतल्या भिंतीचा साधारण 5 मीटर भाग कोसळला आणि गाड्या पुणे, मिरज, लोंढा असा वळसा घालून मडगावला येऊ लागल्या. जुलै 2024 मध्ये आत पाणी आणि चिखल आला, पुन्हा वाहतूक थांबली. दोन्ही वेळा भर पावसात माणसांनी आत उतरून बोगदा परत उभा केला. म्हणून पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात त्याबद्दल डब्यात कुणी कुरकुरू लागलं की मला राग येतो. अहो, हळू नेतात म्हणून तर आपण पोचतो! या सेवेतली मला सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते.

स्लीपरच्या उघड्या खिडकीशी बसलात तर आत शिरताच गार, ओल्या मातीचा वास येतो. डब्याच्या उजेडात भिंतीवर पाण्याचे तांबूस ओघळ दिसतात, मध्येच कोनाड्यासारख्या जागा येतात. गाडी येताना रुळांवर काम करणारी माणसं तिथे अंग चोरून उभी राहतात. चाकांचा आवाज छातीत घुमतो, मग एकदम हिरवा उजेड.

रत्नागिरीला कोकण रेल्वे बांधताना जीव गेलेल्यांच्या आठवणीसाठी श्रमशक्ती स्मारक आहे. पेडणे स्थानकावरही या बोगद्याची हकिगत मराठी-कोंकणीत लिहिलेला मोठा फलक हवा, गाडीची वाट बघत उभं असताना वाचता येईल असा. मी शाळेत शिकवते. आपल्या गावच्या डोंगरात काय घडलं ते आमच्या मुलांनी तिथे उभं राहून वाचावं, असं मला फार वाटतं.

जाणार असाल तर जूनपासून पावसाळी वेळापत्रक लागतं, ते बघूनच निघा. तिकीट स्लीपरचं काढा, एसीच्या बंद काचेतून बोगदा नीट दिसत नाही. आणि कटलेट सावंतवाडीच्या आधीच मागवा, त्यानंतर कुडाळला उतरायची घाई होते.