पॅरिसचे पोलीस संग्रहालय : कानावरून ओळख
पॅरिसच्या पाचव्या विभागात, चालू पोलीस ठाण्याच्याच इमारतीत असलेले हे संग्रहालय १९०९ साली स्थापन झाले असून ते विनामूल्य पाहता येते. सर्वाधिक वेळ द्यावा तो शरीराच्या मापांवरून गुन्हेगार ओळखण्याची पद्धत काढणारे फ्रेंच पोलीस अधिकारी आल्फाँस बर्तियाँ यांच्या ओळखपत्रिकांना. एकाच पत्रिकेवर समोरून आणि बाजूने टिपलेला चेहरा, शिवाय डोक्याची लांबी, मधले बोट, डावे पाऊल यांची मापे (गुन्हेगार जणू शिंप्याकडेच आला होता!), दाढी वाढवली तरी कानाची घडण बदलत नाही, म्हणून बाजूच्या छायाचित्रात कान स्पष्ट दिसण्याचा आग्रह. मापे मात्र घेणाऱ्याच्या हातानुसार बदलत आणि बंगालच्या पोलिसांनी १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग उघडला, तो याच अडचणीला कंटाळून. गणवेशांची दालने धावती पाहिली तरी चालतील.