रोपं एक नंबर, पाट्या मात्र सगळ्या 'अकेशिया' (3 स्टार)

पावसाच्या तोंडावर बांधाला लावायला बाभूळ आणि खैर पाहिजे होते म्हणून अमळनेरकडच्या एका नर्सरीत गेलो होतो, नाव टाकत नाही, माणसं चांगली आहेत. रोपं टवटवीत, 20 रुपयाला एक, गाडीत भरून पण दिली. भानगड पाट्यांची. बाभूळ, खैर, हिवर, ऑस्ट्रेलियन बाभूळ, सगळ्या वाफ्यांवर एकच पाटी, 'अकेशिया'. काउंटरवरचा पोरगा म्हणे सगळं एकच असतं सर.

आता गंमत बघा, आधी खरंच सगळ्यांच्या घराण्याचं शास्त्रीय नाव एकच होतं, अकेशिया, पण डीएनए तपासल्यावर तो गोतावळा फुटला. आपली बाभूळ आणि हिवर आता व्हॅचेलिया, खैर सेनेगालिया, आणि अकेशिया हे नाव 2005 ला व्हिएन्नाला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ऑस्ट्रेलियावाल्यांनी नेलं कारण त्यांच्याकडे हजाराच्या आसपास जाती, 2011 ला मेलबर्नला त्यावर शिक्का पण बसला. नाव मूळ ग्रीक काट्यावरून आलेलं, आणि मिळालं कोणाला तर बिनकाट्याच्या ऑस्ट्रेलियन बाभळीला, जी आपल्या बाभळीपेक्षा शिरीषाच्या जवळची निघाली! म्हणजे चार वाफ्यांत पाटी बरोबर फक्त तिचीच.

मागे पाणी देणाऱ्या बाबांना हे काही माहीत नव्हतं, गरजही नव्हती. म्हणे "खैरना काटा वाकडा ऱ्हास दादा, बाभूयना सरय." बोट लावून दाखवलं, बाभळीला पानाच्या बुडाशी सरळ पांढरी सुईची जोडी, खैराला मांजरीच्या नखासारखा बारीक आकडा, शर्टाची बाही धरून ठेवतो. फुलावर पण ओळखता येतं, बाभळीचा पिवळा गोंडा गोल आणि खैराचा लांब तुरा.

एवढं कळूनही मी घाईत काउंटरवरून आणखी सहा 'बाभूळ' घेतल्या, दोन बोटं उंचीच्या, पानं बारीक बारीक, काटा कोण बघतो. महिन्याभराने एका रोपावर पानाचा देठच चपटा होऊन विळ्यासारखा वाकला, टोकाला जुनं बारीक पान अजून लटकलेलं. ऑस्ट्रेलियन! लहानपणी तिची पानं बाभळीसारखीच असतात, नंतर पान जातं आणि देठच पानाचं काम करतो. सहाच्या सहा तीच निघाली.

परत नेली तर वाद न घालता बदलून दिली म्हणून तीन स्टार, नाहीतर दोनच देणार होतो. पाटी अजून तीच आहे. जाल तर काउंटरला विचारू नका, मागे जाऊन बाबांना गाठा.