एमजीबी रोडस्टरचा नवा सायलेन्सर : कुपवाडमधील एका वर्कशॉपचे काम

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी भारतात फारच थोड्या आहेत आणि त्यांचा एखादा मोठा भाग निकामी झाला की मालकाला बहुधा इंग्लंडहून तयार संच मागवण्याचाच सल्ला मिळतो. माझ्याकडील १९६७ सालच्या उघड्या एमजीबीचा (म्हणजे रोडस्टरचा) संपूर्ण एक्झॉस्ट, म्हणजे मॅनिफोल्ड या इंजिनातून येणारा धूर एकत्र करणाऱ्या भागाखालील जोडपाइपांपासून मागच्या टोकापर्यंतचा सर्व भाग, मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपमध्ये स्टेनलेस स्टीलमध्ये नव्याने बनवून घेतला. हे वर्कशॉप मुख्यतः ट्रॅक्टर आणि जनरेटर यांचे सायलेन्सर बनवते. मालकांना जाहिरात नको असल्यामुळे त्यांचे नाव मी लिहीत नाही, परंतु काम कसे झाले हे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

जुना सायलेन्सर बाहेरून बरा दिसत होता आणि आतून कुजला होता. असे होण्याचे कारण साधे आहे. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि गाडी लांब पल्ल्याला निघाली तर पाइप पुरेसा तापून ती वाफ बाहेर पडते. पण विश्रामबागहून मिरजेपर्यंत जाऊन परत येण्याइतक्याच फेऱ्या होत असतील, तर ते पाणी आम्लांसह सायलेन्सरच्या मागच्या डब्यात साचून राहते आणि पत्रा आतून खात जाते. उघड्या गाडीत याचा धोका अधिक गंभीर असतो, कारण धावत्या गाडीच्या मागे निर्माण होणाऱ्या कमी दाबामुळे गळका धूर पुन्हा आसनांकडे खेचला जातो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

धातू कोणता घ्यावा, यावर मालकांशी झालेली चर्चा मला विशेष आवडली. त्यांनी साध्या लोखंडाचा, ४०९ ग्रेडच्या आणि ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा असे तिन्ही पर्याय समोर ठेवले. ४०९ मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असते, तर ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. हे धातू गंज रोखतात, त्यामुळे थोडे चालून बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ३०४ महाग असले तरी योग्य ठरते. मात्र ३०४ तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट प्रसरण पावते, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले. तीन मीटर लांबीचा पाइप दोनशे अंशांनी तापला तर तो सुमारे एक सेंटीमीटर लांबतो, आणि या एका सेंटीमीटरला जागा ठेवली नाही तर कुठेतरी तडा जाणारच. इतके स्पष्ट बोलणारा माणूस सायलेन्सरच्या धंद्यात मला पूर्वी भेटला नव्हता.

जुना भाग उतरवतानाही घाई झाली नाही. मॅनिफोल्डच्या स्टडवरील (आट्यांच्या खुंट्यांवरील) नट गंजून बसलेले असतात आणि जोर लावला की नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो. तुटलेला स्टड बिडाच्या मॅनिफोल्डमधून काढणे हे वेगळेच दुखणे होऊन बसते. येथे आदल्या संध्याकाळी नटांवर तेल सोडून ठेवले, दुसऱ्या दिवशी नट तेवढा तापवून मागेपुढे हलवत सोडवला, आणि परत बसवताना पितळी नट वापरले, कारण पितळ स्टडला धरून बसत नाही. जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ते ओले करूनच खरवडले.

पाइप वाकवण्याचे काम मात्र त्यांच्याकडे होत नाही. त्यांच्याकडील साध्या दाबयंत्राने पाइप वाकवला तर वळणावर तो आतून चेपतो आणि वाट अरुंद होते. म्हणून त्यांनी मँड्रेलवर, म्हणजे पाइप चेपू नये म्हणून आत दांडा घालून, वाकवलेले तयार बेंड बाहेरून आणले आणि माझ्या जुन्या पाइपाच्या मापाने कापून जोडले. मी दोन इंची पाइप घालावा का, असे विचारले होते; त्यांनी जुन्याइतकाच पावणेदोन इंची ठेवण्याचा आग्रह धरला. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाला धूर बाहेर टाकणारी तोंडे तीनच असून मधल्या दोन सिलिंडरांना त्यांतील एक सामाईक आहे. अशा इंजिनाला मोठा पाइप दिल्याने धुराचा वेग मंदावतो, आणि इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर ओढ कमी होण्यापलीकडे हाती फारसे लागत नाही. हे मत मला पटले आणि नंतरच्या अनुभवानेही खरे ठरले.

जोड आर्गॉन वेल्डिंगने केले आहेत. बाहेरून सांधा सुबक दिसणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. वेल्डिंग चालू असताना पाइपाच्या आतही आर्गॉन वायू सोडून हवा दूर ठेवली नाही, तर सांध्याची आतली बाजू जळून खडबडीत होते आणि गंज तेथूनच सुरू होतो. येथे दोन्ही टोके बंद करून आत वायू भरला जात होता, हे मी स्वतः उभे राहून पाहिले.

या वर्कशॉपचे खरे कौशल्य टांगणीत आहे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे गाडी सुरू होताना आणि गिअर बदलताना ते डोलते, आणि त्याला जोडलेला पाइपही त्याच्याबरोबर हलतो. ‘साहेब, पाइप टांगायचा असतो, आवळून बांधायचा नसतो,’ असे मालक म्हणाले, आणि त्यांनी प्रत्येक आधारावर रबर ठेवून, मधल्या डब्याच्या पुढे एक सरकता जोड दिला. सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवून इंजिन चांगले तापेपर्यंत चालवले, पाइपाने आपली जागा घेतल्यावर पुढून मागे असे एकेक आवळत नेले. शेतात दिवसभर हादरे खाणाऱ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर ज्यांचे हात घडले आहेत, त्यांना कंपनाची भाषा कळते. परदेशी संच खोक्यातून काढून बसवून देणाऱ्या शहरी गॅरेजांत ही समज मला क्वचितच दिसली.

आवाजाबद्दल माझी अट कडक होती. मिरज हे रुग्णालयांचे गाव आहे आणि रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. जुनी स्पोर्ट्स कार आहे म्हणून तिने रुग्णांची झोप मोडावी, हे मला मान्य नाही. त्यामुळे मधला डबा कप्प्यांचा आणि मागचा डबा सच्छिद्र नळीभोवती काचेची लोकर भरलेला, अशी रचना ठरली. आता गाडी उभी असताना आवाज जाड व संथ आहे, तासगाव रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वेग घेताना तो मोकळा होतो, आणि साध्या लोखंडाच्या मानाने त्यात किंचित धातूची किणकिण असली तरी ती कानाला टोचत नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर पूर्वी जे फटाके वाजत, ते फटींतून आत शिरणाऱ्या हवेमुळे होते; ते पूर्ण थांबले आहेत.

नव्या पाइपानंतर दोन्ही एसयू कार्बोरेटरांमधील पेट्रोल-हवेचे मिश्रण पुन्हा लावावे लागते आणि ते काम हे वर्कशॉप करत नाही. कार्बोरेटरमधील पिस्टन किंचित उचलून इंजिनाच्या फेऱ्या वाढतात की पडतात हे पाहण्याची जुनी पद्धत येणारा मेकॅनिक वेगळा शोधावा लागला. त्यानंतरच्या पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइड जुन्या चारचाकींसाठीच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या बरेच खाली आले.

आता तक्रारी. कबूल केलेल्या तारखेच्या बऱ्याच उशिरा काम पूर्ण झाले, कारण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर आधी घेतले जातात. ते रास्तही आहे, पण तसे सुरुवातीलाच सांगायला हवे होते. मागचे टोक बंपरच्या आधारपट्टीला लागून इंजिनाच्या विशिष्ट फेऱ्यांवर खडखडत होते. ते त्यांनी विनातक्रार आणि विनाशुल्क दुरुस्त केले. मधला डबा जुन्याहून थोडा खाली आला आहे, त्यामुळे सांगलीतील उंच गतिरोधकांवर गाडी तिरकी घ्यावी लागते, आणि ही उणीव कायम राहिली आहे. एकूण खर्च चाळीस हजारांच्या आसपास आला. परदेशी संच, त्याचे भाडे आणि सीमाशुल्क धरता मला याहून बरेच अधिक मोजावे लागले असते. अंदाजपत्रक तोंडी मिळते. ग्रेड, पाइपाची जाडी आणि डब्यांची आतली रचना यांची नोंद बिलावर करून घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा. मी धरला, तेव्हा मालकांनी ती आनंदाने लिहून दिली.