भरिताच्या पंगतीला कोणती वाइन?

डिसेंबर लागला की खान्देशात शेतावर भरिताचे बेत ठरू लागतात. कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा जाळ, त्यात भाजलेली मोठी हिरवी वांगी, ठेचलेली मिरची-लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हातावर कळण्याची भाकरी. अलीकडे या पंगतीत वाइनची बाटलीही दिसू लागली आहे. दर हिवाळ्यात ओळखीतले चार-सहा जण मला हटकून विचारतात, हजाराच्या आसपास खर्च करायचाय, लाल घेऊ की पांढरी?

माझा उलटा प्रश्न असतो, ती बाटली मे महिन्यात कुठे होती?

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वातानुकूलन नसलेल्या दुकानाच्या माळ्यावर किंवा पत्र्याच्या गोदामात त्या दोन-अडीच महिन्यांत वाइन अक्षरशः शिजते. रमला, व्हिस्कीला त्याचं फारसं काही वाटत नाही, वाइनला वाटतं. लाल वाइनचा रंग कडेने विटकरी होतो आणि चव उकडलेल्या मनुकांसारखी लागते. पांढरी गडद पिवळी पडते, तिला जुन्या मुरंब्याचा वास येतो. जळगावातल्या एका दुकानातून मी ऐन थंडीत घेतलेली बाटली अशीच निघाली होती. बूच अर्धा सेंटीमीटर वर आलेलं, मानेला चिकट ओघळ. घरी आलेल्या मामांनी पहिल्यांदाच वाइन चाखली आणि "हाई गोड काढा शे का?" म्हणून पेला बाजूला ठेवला. त्यानंतर त्यांनी वाइनला हात लावला नाही, आणि मला ते अजून लागतं.

म्हणून आधी मागच्या लेबलावर बाटली कधी भरली ते वाचा.  आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च. नंतर वाइन वायनरीतल्या थंड टाक्यांमध्ये राहते. बाटली मागच्या जून-जुलैनंतर भरलेली असेल तर तिने दुकानातला उन्हाळा पाहिलेलाच नाही. त्याआधी भरलेली असेल तर दुकानाची साठवण बघूनच घ्या. उभ्या उन्हात काचेच्या कपाटात सजवलेली बाटली कितीही नावाजलेली असो, सोडून द्या. स्वस्त वाइनमध्ये फिरकीच्या झाकणाला कमी समजू नका. ते सुकत नाही, त्यातून गळत नाही आणि शेतावर बूचकाढणं शोधावं लागत नाही.

आता द्राक्षांकडे येऊ. या किमतीत आपल्याकडे सहज मिळणारा बराचसा माल नाशिकचा. तिथल्या सुला वायनरीने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली तीच सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या दोन पांढऱ्या द्राक्षांची, आणि आजही आपल्या जेवणासाठी माझी निवड याच दोघींमधून होते. दुसरं नाव फ्रातेली या वायनरीचं. अकलूजचे, दिल्लीचे आणि इटलीचे असे तीन घरांतले भाऊ एकत्र येऊन ती उभी राहिली, म्हणून इटालियनमधलं 'भाऊ' हेच नाव. द्राक्षबागा सोलापूर जिल्ह्यात. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे या बजेटमध्ये परदेशी बाटली घेतली तर बरेच पैसे करात जातात. ती कल्पना सोडलेली बरी.

शेनिन की सोव्हिन्यों? शेनिन ब्लां आपल्याकडे बहुधा किंचित गोडसर ठेवतात. शेवभाजीसमोर ही गोडी फार उपयोगी पडते, कारण काळ्या मसाल्याचा तवंग आणि तिखट जिभेवर पेटलेलं असताना थोडी साखर आणि थोडा आंबटपणा ते शांत करतो. सोव्हिन्यों ब्लां कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नसलेली असते. तिच्यात हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखा, कापलेल्या गवतासारखा वास असतो, आणि तो उगाच भासत नाही. ढोबळ्या मिरचीच्या वासाला जी संयुगं कारणीभूत असतात तीच या द्राक्षातही असतात. म्हणून हिरवी मिरची, पात आणि कोथिंबीर घातलेल्या भरिताशी तिचं गोत्र जुळतं. भरिताला सोव्हिन्यों आणि शेवभाजीला शेनिन, असं मी ठरवून टाकलंय. दोन्ही पदार्थ एकाच पंगतीत असतील आणि बाटली एकच घ्यायची असेल तर शेनिन घ्या. पहिल्यांदा पिणाऱ्यालाही ती परकी वाटत नाही.

लालबद्दल लोकांचा हट्ट असतो. थंडी आहे म्हणजे लालच हवी, असं मनात बसलेलं असतं. पण लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला तुरटपणा असतो, आणि तो तिखटाबरोबर आला की जीभ आणखी भाजते. अल्कोहोल जास्त असेल तर आगच. शिराझ आणि कॅबर्ने या लाल वाइनच्या द्राक्षांची मिश्र बाटली किंवा फ्रातेलीची साधी शिराझ भरिताबरोबर उघडून मी दोनदा पस्तावलो आहे. तीच शिराझ मटणाच्या रश्शाबरोबर मात्र बहार आणते. तिच्यात काळ्या मिरीचा वास असतो, मिरीत जे संयुग आहे तेच या द्राक्षाच्या सालीत, आणि मटणाची चरबी तुरटपणा मऊ करते. फक्त रस्सा झणझणीत नसावा, खोबरं-कांदा भाजून केलेला, मध्यम तिखटाचा असावा.

लाल घ्यायची तर आपल्याकडे हिवाळ्यासारखा दुसरा काळ नाही. लाल वाइन सोळा ते अठरा अंशांना उत्तम लागते. उन्हाळ्यात हेच घरात अडतीस असतं, पण जानेवारीच्या रात्री खोलीत ठेवलेली बाटली आपोआप त्या तपमानाला येते. फ्रीज नको, बर्फ तर नकोच. पांढरी आठ-दहा अंशांना हवी. संध्याकाळी ती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, उघड्या हवेत ठेवा, भाकऱ्या होईपर्यंत बरीच गार होते. बादलीत बर्फ घातलेलं पाणी घेऊन त्यात बुडवली तर आणखी लवकर.

झिनफांडेल या द्राक्षाची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, लाल आणि पांढरी या दोघींच्या मधली. तुरटपणा नगण्य, फळाचा वास भरपूर. घरात एकाला लाल आणि एकाला पांढरी हवी असेल तेव्हा ती घ्यावी, एरवी शेनिन तिच्यापेक्षा जेवणाला जास्त साथ देते.

आणि पोर्ट. स्वस्त, म्हणून खूप खपणारी. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातली. तिच्यात द्राक्षाचं मद्य मिसळून अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास नेलेलं असतं. आपल्याकडे त्या नावाने मिळते ती बहुतेक साधी गोड लाल वाइन. जेवणाबरोबर ती घेऊ नका, भरीत आणि गुळाचं पाणी एकत्र घेतल्यासारखं होतं. खापरावरच्या पुरणपोळीनंतर, लहान पेल्यात, बडीशेपेसारखी घ्यायची असेल तर चालते.

"थंडीत अंग गरम राहतं" म्हणून कुणी बाटली मागत असेल तर मी तिथेच थांबवतो. अल्कोहोलने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, गरम वाटतं, पण शरीरातली उष्णता बाहेर पडत असते. शेतावर उघड्यावर झोपणाऱ्यासाठी हे धोक्याचं आहे. हृदयासाठी म्हणूनही घेऊ नका. अल्कोहोलचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट एकवीस आहे. शेतावरून मोटारसायकलवर परतायचं असेल त्याने पेला धरूच नये, मग रस्ता कितीही जवळचा असो.

साडेसातशे मिलिलीटरच्या बाटलीत दीडशेचे पाच पेले होतात. दोघांनाच प्यायची असेल तर पावणेचारशेची अर्धी बाटली मागा, ती न मिळाल्यास फिरकीच्या झाकणाची पूर्ण बाटली. उरलेली पांढरी झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये तीन दिवस राहते, लाल चार. लाल उरलीच तर दुसऱ्या रात्री तिच्यात दालचिनीचा तुकडा, दोन-तीन लवंगा, संत्र्याची साल आणि चमचाभर गूळ घालून मंद आचेवर तापवा, उकळी येऊ देऊ नका. मात्र आंबलेली किंवा उन्हाने शिजलेली वाइन मसाल्याने सुधारत नाही, ती मोरीत ओता.